इंग्रज जिव्हा आणि परकीं व्यंजनें

जुन्या गोव्यांतील बॉम जेझूच्या मंदिरांत ज्या ख्रिस्ती साधुपुरुषाचा देह ठेवलेला आहे, त्याचें नांव काय, असा प्रश्न चार देशींच्या चार माणसांना विचारला तर चार निरनिराळीं उत्तरें येतील. मुंबईचा विद्यार्थी ‘झेवियर’ म्हणेल. कारण १८६९ सालीं स्थापन झालेल्या तेथील महाविद्यालयाचें नांव त्याच्या कानावर तसेंच पडलेलें असतें. पोर्तुगीज मनुष्य ‘शाव्येर’ म्हणेल. फ्रेंच मनुष्य ‘ग्झाव्ये’ म्हणेल. माद्रिदचा रहिवासी ‘हाव्येर’ म्हणेल; पण त्याच्या तोंडचें पहिलें व्यंजन मराठी ‘ह’पेक्षां पुष्कळच खरखरीत, घशाच्या मुळाशीं घासून निघालेलें असेल. हा पुरुष १५०६ सालीं स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हारा प्रांतांत जन्मला, १५४२ सालीं गोव्यास उतरला आणि १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. त्याच्या हयातींत खुद्द स्पेनमध्येंही त्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘श’च्या जवळपास होता. पुढें स्पॅनिश लोकांच्या तोंडीं तो ‘श’ मागें मागें सरकत घशांत गेला. आणि १८१५ सालीं स्पेनच्या राजमान्य भाषामंडळानें अशा शब्दांतील जुनें अक्षर बदलून नवें अक्षर लिहावें असें ठरविलें. सर्व्हांतेसच्या प्रख्यात कादंबरीचा नायक ‘किशोते’ होता तो ‘किहोते’ झाला, तो याच फेरफारामुळें. पोर्तुगीजांनीं मात्र जुना ‘श’ सोडला नाहीं. व्यंजनें हीं अशीं प्रवासी असतात, आणि त्यांच्या प्रवासाचा इतिहास राज्यांच्या इतिहासाइतकाच मनोरंजक असतो.

स्पॅनिश भाषा शिकूं लागलेल्या इंग्रजाला आजही याच व्यंजनांपाशीं अडखळावें लागतें. इंग्रजाचा ‘टी’ हिरड्यांवर उमटतो, स्पॅनिश ‘त’ दांतांवर. इंग्रज शब्दारंभीचे प, ट, क उच्चारतांना त्यांबरोबर श्वासाचा फूत्कार सोडतो. स्पॅनिश कानाला तो खपत नाहीं. स्पॅनिशमध्यें ‘पेरो’ हा शब्द साध्या ‘र’नें उच्चारला तर ‘परंतु’ असा अर्थ होतो, आणि तोच ‘र’ जिभेच्या टोकावर घोळवून, मराठींतील ‘भर्रकन’ किंवा ‘गर्रकन’ या शब्दांप्रमाणें उच्चारला तर ‘कुत्रा’ असा होतो. ‘ब’ आणि ‘व’ हीं दोन अक्षरें लिहिण्यांत निराळीं, पण उच्चारांत एकच. ‘झेड’ या अक्षराचा उच्चार कास्तील प्रांतांत जीभ दांतांत धरून करतात, तर आंदालुसियाच्या बऱ्याच भागांत व सगळ्या स्पॅनिश अमेरिकेंत तो साधा ‘स’ आहे. मराठी मनुष्याला यांतील निम्म्याहून अधिक अडचणी जाणवतही नाहींत. दंत्य ‘त’ आणि ‘द’, फूत्काररहित ‘प’ आणि ‘क’, जिभेच्या टोकावरचा ‘र’ हीं सर्व त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलीं असतात. कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ असा क्रम लावून पंचवीस व्यंजनांच्या पांच ओळी प्राचीन वैयाकरणांनीं मांडून ठेविल्या, त्या प्रत्येक मूल शाळेंत पाठ करतें. इंग्रजाला हा नकाशा मोठेपणीं, कष्टानें आणि चुकत माकत मिळवावा लागतो.

असा नकाशा मिळविणारा एक इंग्रज चारशें वर्षांपूर्वीं कोंकणच्या भूमींत होऊन गेला. त्याचें नांव टॉमस स्टीफन्स. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. बाप व्यापारी होता. राणी एलिझाबेथच्या अमदानींत कॅथलिक पंथीयांना तेथें स्वस्थता नव्हती. म्हणून तो रोमला गेला आणि १५७५ सालीं जेझुइट संघांत दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलांत त्यानें लिस्बन सोडलें आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो गोव्यास पोंचला. या प्रवासाचें वर्णन करणारें जें पत्र त्यानें बापाला धाडलें, तें पुढें हॅक्लूट याच्या प्रवासवर्णनांच्या सुप्रसिद्ध संग्रहांत छापलें गेलें. त्यानंतर सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, तो गोव्यांतच राहिला. त्यांतील बहुतेक काळ सासष्टी महालांत गेला. तो परत मायदेशीं गेला नाहीं.

त्याच्या येण्यानंतर एका वर्षानें, १५८० सालीं, पोर्तुगालचें राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या हातीं गेलें आणि तें १६४० पर्यंत स्पेनच्या राजांकडेच राहिलें. म्हणजे स्टीफन्सचें गोव्यांतील जवळजवळ सगळें आयुष्य स्पॅनिश राजांच्या अंमलाखालीं गेलें. पण कारभाराची व धर्मसंघाची भाषा पोर्तुगीजच होती. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळें इंग्रजाला स्पॅनिशमध्यें जें जड जातें, त्यांतील पुष्कळसें पोर्तुगीजमध्येंही जड जातें. स्वतःच्या नांवापासूनच त्याला याचा अनुभव आला असला पाहिजे. ‘स’ला जोडून दुसरें व्यंजन शब्दाच्या आरंभीं आलें कीं या दोन्ही भाषा त्याच्या आधीं एक स्वर बसवितात, ग्रामीण मनुष्य ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतो त्यांतलाच हा प्रकार. स्टीफन्सचा ‘एश्तेव्हांव’ झाला, आणि पाद्री एश्तेव्हांव म्हणूनच गोव्यांत तो ओळखला जाऊं लागला.

परंतु पोर्तुगीज ही केवळ पहिली पायरी होती. सासष्टींतील लोक घरीं कोंकणी बोलत आणि धर्मग्रंथांसाठीं मराठीकडे पाहात. ज्याला त्यांच्याशीं बोलावयाचें होतें त्याला या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. येथें इंग्रज कानाची खरी परीक्षा होती. इंग्रजाला ‘टी’ हें एकच व्यंजन माहीत. मराठी मनुष्य त्या ठिकाणीं त, थ, ट, ठ असे चार वर्ण निरनिराळे ऐकतो. ‘डी’च्या ठिकाणीं द, ध, ड, ढ असे चार. ‘एन’च्या ठिकाणीं न आणि ण, ‘एल’च्या ठिकाणीं ल आणि ळ. शिवाय ‘चार’ यांतला च निराळा व ‘चाक’ यांतला निराळा; ‘जीव’ यांतला ज निराळा व ‘जागा’ यांतला निराळा. हे भेद चैनीचे नाहींत. ‘वाट’ आणि ‘वात’, ‘साठ’ आणि ‘सात’, ‘काळ’ आणि ‘काल’, ‘गोळी’ आणि ‘गोली’ यांत एका व्यंजनानें अर्थाचा उलगडा होतो किंवा घोटाळा होतो. मोक्षाची वाट दाखविणाऱ्या उपदेशकानें ‘वात’ म्हटलें, तर समोरच्या बायाबापड्यांनीं समईकडे पाहावें हें साहजिकच आहे.

या कामीं पोर्तुगीज भाषेचा त्याला एक आडवळणाचा उपयोग झाला असावा. पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ स्पॅनिशप्रमाणेंच दंत्य आहेत. ज्याची जीभ एकदां हिरड्यांवरून दांतांवर यावयास शिकली, त्याला तीच जीभ मागें वळवून टाळूस लावण्याचें शिक्षणही देतां येतें. कारण जिभेचें स्थान बदललें कीं वर्ण बदलतो, हें मर्म त्याला कळलेलें असतें. स्टीफन्सला तें कळलें होतें यांत शंका नाहीं. १५८३ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथील आपल्या भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रांत त्यानें या देशच्या भाषांविषयीं दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. एक अशी कीं, त्यांचा उच्चार कानाला अप्रिय लागत नाहीं. आणि दुसरी अशी कीं, त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे. सर विल्यम जोन्स यानें संस्कृतचा ग्रीक व लॅटिनशीं असलेला संबंध कलकत्त्यास जाहीरपणें सांगितला तो १७८६ सालीं. त्याच्या दोनशें वर्षें अगोदर, येऊन चारच वर्षें झालेल्या या पाद्र्याच्या तें ध्यानीं आलें होतें.

ऐकलें आणि बोललें, तरी लिहावयाचें कसें, हा प्रश्न उरलाच. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यांत आला. पण तेथें खिळे होते ते रोमन. १६०८ सालीं स्टीफन्सनें रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहून या देशच्या अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अक्षरें जोडाक्षरांसह सुमारें सहाशें होतात, परंतु युक्तीनें तीं दोनशेंपर्यंत आणतां येतील, असा हिशेबही त्यानें दिला होता. तो बेत सिद्धीस गेला नाहीं. त्यामुळें मराठी व्यंजनें रोमन अक्षरांतच बसवावीं लागलीं, आणि तीं बसवितांना पोर्तुगीज वळण आपोआप आलें. ‘श’साठीं ‘एक्स’ आला, कारण पोर्तुगीज ‘एक्स’चा उच्चार तोच. ‘क’साठीं कोठें ‘सी’ तर कोठें ‘क्यू’ आला. ‘ज’साठीं पुष्कळदां ‘झेड’ आला. आणि ज्या वर्णांना युरोपांत अक्षरच नव्हतें त्या मूर्धन्य वर्णांसाठीं एक साधी व सुबक तोड निघाली: अक्षर दोनदां लिहावयाचें. एक ‘टी’ म्हणजे त, दोन ‘टी’ म्हणजे ट. एक ‘एल’ म्हणजे ल, दोन ‘एल’ म्हणजे ळ. मराठी या शब्दांतील ‘ठ’ लिहावयाचा तर दोन ‘टी’ आणि पुढें ‘एच’. ज्यानें हे भेद कानानें टिपले नाहींत, त्याला ही सोय सुचणें शक्यच नव्हतें.

या अक्षरांत त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं सासष्टींतील रायतूर येथें छापलें गेलें. रायतूरलाच पोर्तुगीज ‘राशोल’ म्हणतात. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत विभागलेला आहे; पहिल्यांत छत्तीस व दुसऱ्यांत एकोणसाठ अध्याय आहेत, आणि त्यांना त्यानें ‘अवस्वरू’ असें नांव दिलें आहे. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें विसरतां येत नाहीं. त्या काळीं सासष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं, जुन्या पोथ्या जप्त होत होत्या, आणि ज्यांची पुराणें गेलीं त्यांना दुसरें पुराण द्यावें म्हणून हें पुराण रचलें गेलें. ही बाजू दुःखाची आहे. पण ओवीच्या छंदांत, मराठी श्रोत्याच्या कानाला रुचेल अशा भाषेंत, मराठीची मनापासून स्तुति करीत एका इंग्रजानें अकरा हजार ओव्या रचाव्या, ही बाजूही तितकीच खरी आहे. हा ग्रंथ देवळांत मोठ्यानें वाचला जात असे. ऐकणारे तेथील खेडुत होते. त्यांच्या कानांपुढें ट आणि त यांचा गोंधळ एक दिवसही टिकला नसता.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांत या पुराणाचें देवनागरी लिपींतलें एक हस्तलिखितही आहे. १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं रोमन लिपींत, आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत हा ग्रंथ पुन्हां छापला. तेव्हां कोठें मराठी वाचकाला तो आपल्या अक्षरांत पाहावयास मिळाला. स्टीफन्सची कोंकणींतील प्रश्नोत्तरी १६२२ सालीं, आणि त्याचें कोंकणी व्याकरण पाद्री दियोगु रिबैरु यानें भर घालून १६४० सालीं, असें दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर रायतूरलाच छापलें गेलें. तें कोंकणीचें पहिलें छापील व्याकरण होय.

पण पुढील पिढ्यांनीं हा मार्ग चालू ठेविला नाहीं. १६८४ च्या जूनमध्यें व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढून गोंयकरांनीं तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावयास शिकावें व आपली भाषा सोडावी असें फर्माविलें. ज्या भाषेचे वर्ण शिकण्यांत एका परक्यानें उभा जन्म घालविला, ती भाषा तिच्याच लोकांनीं विसरावी असा हा आदेश होता. हुकूम कागदावर राहिला आणि कोंकणी घराघरांत जिवंत राहिली. पण तिचें लेखन पुष्कळ काळ खुंटलें, तें खुंटलेंच. स्टीफन्सच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ति कुन्या रिव्हारा या पोर्तुगीज विद्वानानें नव्या गोव्यास काढली ती १८५७ सालीं, म्हणजे दोनशें सतरा वर्षांनीं.

देवाणघेवाण मात्र एकाच बाजूनें झाली नाहीं. मराठी जिभेनेंही पोर्तुगीज व्यंजनें आपल्या सांच्यांत घालून घेतलीं. ‘साबांव’चा साबण झाला, ‘लैलांव’चा लिलाव झाला. नाकांतून निघणारा तो शेवटचा स्वर मराठीला परका. त्याच्या जागीं कोठें ण आला, कोठें व आला. ‘चावी’ या शब्दाची कथा तर विशेष आहे. आज लिस्बनमध्यें किल्लीला ‘शाव्ह’ असें म्हणतात; पण पोर्तुगीज प्रथम या किनाऱ्यास लागले तेव्हां त्या शब्दाचें पहिलें व्यंजन च हेंच होतें. पुढें तिकडे च चा श झाला. इकडे मराठी घरांत तो जुना च जसाच्या तसा राहिला. सोळाव्या शतकांतील लिस्बनचा एक उच्चार अशा रीतीनें कोंकणांतल्या गृहिणींच्या कमरेला आजतागाईत लटकत आहे.

पोर्तुगीजांमागून इंग्रजांचें राज्य आलें. त्यांच्यापैकीं सगळेच स्टीफन्ससारखे नव्हते. कानानें ऐकावें आणि हातानें लिहावें, यांत मध्यें विचार करण्याची तसदी पुष्कळांनीं घेतली नाहीं. खडकीचें ‘किर्की’ झालें. ख मधला फूत्कार गेला आणि ड चा र झाला. घोरपडीचें ‘घोरपुरी’ झालें. बडोद्याचें ‘बरोडा’ झालें. भायखळ्यांत भ, ख आणि ळ अशीं तीन अवघड व्यंजनें एकत्र आलीं. तिघांनाही नरम करून ‘बायकुला’ करण्यांत आलें. गंमत अशी कीं, त्या इंग्रजी लेखनांत ‘एल’ दोनदां आहे. स्टीफन्सच्या वाचकानें तो बिनचूक ळ वाचला असता. पण ती किल्ली हरवली होती. वसई प्रथम पोर्तुगीजांच्या लेखनांत ‘बसैं’ झाली आणि तेथून इंग्रजांनीं ‘बसीन’ केली. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली, तरी १८०२ च्या तहाला इंग्रजी इतिहासांत ‘बसीनचा तह’ असेंच नांव पडलें. किल्ला परत मिळाला, व्यंजन मिळालें नाहीं.

मुंबईहून पुण्यास जाणारे इंग्रज पूर्वीं होडीनें पनवेल बंदरांत उतरत आणि तेथून बोरघाटाची वाट धरीत. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाल्यावर ही वर्दळ वाढली. जुन्या इंग्रजी लिखाणांत पनवेलच्या शेवटीं दोन ‘एल’ आढळतात, म्हणजे शेवटचा भाग इंग्रजींतील ‘विहीर’ या अर्थाच्या शब्दासारखा दिसतो. ओळखीच्या शब्दाचा आधार घेऊन अनोळखी नांव लिहावयाचें, हाच तो आळस. त्याच पनवेल तालुक्यांत कोन नांवाचें गांव आहे. नांव दोन अक्षरांचें, उच्चारास अगदीं सोपें. पण रोमन लिपींत तीं अक्षरें ‘के, ओ, एन’ अशीं उभीं राहिलीं, कीं परक्या वाचकाला तें कोन वाचावें, कोण वाचावें कीं कॉन, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. जोन्सनें १७८८ सालीं आशियाई शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धति मांडली. पुढें मूर्धन्य वर्णांखालीं टिंब देण्याची रीत विद्वानांत रूढ झाली. पण रस्त्यावरच्या पाटीवर आणि सरकारी कागदावर टिंबें टिकत नाहींत. कोन आणि कोण यांतला फरक, जो स्टीफन्सनें एक ‘एन’ व दोन ‘एन’ लिहून साधला असता, तो आज पाटी रंगविणाराच्या हातून सुटतो.

हा केवळ पाटीचा प्रश्न नाहीं. शहरांत वाढणारीं मराठी मुलें आपल्याच गांवांचीं नांवें प्रथम इंग्रजी लेखनांतून वाचतात आणि त्या लेखनाप्रमाणें उच्चारतात. वरळीचा ळ आणि परळचा ळ असे त्यांच्या तोंडीं ल होतात. १९९५ सालीं ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ हें नांव इंग्रजींतही अधिकृत झालें. परंतु नांव कायद्यानें बदलतें, उच्चार बदलत नाहीं. तो ऐकणाराच्या कानांत व बोलणाराच्या जिभेवर असतो, आणि तेथें कोणत्याही सरकारचा हुकूम चालत नाहीं. १६८४ चा चालला नाहीं, तसा उलट दिशेचाही चालणार नाहीं.

इंग्रजांतही श्रम करणारे निघाले, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. विल्यम केरी यानें १८०५ सालीं श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण छापलें. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला आणि कँडीच्या साहाय्यानें १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. तो कोश आजही मराठी अभ्यासकाच्या हाताशीं असतो. या सर्वांच्या अगोदर स्टीफन्स येऊन गेला होता. त्याच्याजवळ कोश नव्हता, छापील व्याकरण नव्हतें, देवनागरी खिळे नव्हते. होते ते दोन कान आणि सासष्टींतले बोलणारे लोक. परकी भाषा शिकूं पाहणाऱ्याला, मग तो स्पॅनिश शिकणारा इंग्रज असो कीं मराठी शिकणारा परप्रांतीय असो, याहून अधिक सामग्री प्रथम लागत नाहीं. जें व्यंजन आपल्या भाषेंत नाहीं तें समोरच्याच्या तोंडीं आहे, आणि तें चुकलें तर चूक आपल्या जिभेची, त्याच्या भाषेची नव्हे, इतकी नम्रता तेवढी असावी लागते.